मौन मोडायची मुदत

“घरात मूल एकदम गप्प झालं की तू काय करतेस गं?”

गोडलीव्हने हे विचारलं तेव्हा ती टेबलाचा खण रिकामा करत होती. तिचा कचेरीतला शेवटचा दिवस होता. उद्यापासून तिची खुर्ची माझी.

“काय करणार? धावत जाऊन बघते. तोंडात काहीतरी कोंबलेलं असतं, नाहीतर भिंत रंगवलेली असते.”

“हां. मग इथंही तेच करायचं. इथे भांडणं चालू आहेत तोवर खुशाल कॉफी पी. सगळे गप्प झाले की उठायचं आणि धावायचं.”

मी हसून मान डोलावली आणि तिने मागे ठेवलेल्या बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवून घेतला. माझी मादारा तेव्हा वर्षाची होती, रात्रभर किंचाळायची. कुठेही शांतता मिळाली असती तर मी तिच्या पाया पडले असते. म्हातारीला जाता जाता उपदेश करायची हौस आली असेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

मी लाटवियाची. नवरा इथला, ब्रसेल्सजवळच्या एका शाळेत पोरांना कसरती शिकवतो. कचेरी म्हणजे दोन-अडीच डझन देशांनी मिळून केलेल्या लष्करी युतीचं मुख्यालय, आणि त्यातलं महासचिवांचं कार्यालय. युतीच्या फौजा सेनापतीच्या हाताखाली. पण सेनापतीच्या वर, सगळ्या देशांच्या राजदूतांच्या टेबलाच्या टोकाला, एक साधं बिनवर्दीचं माणूस बसतं. ते महासचिव. त्यांच्यापुढे एक लाकडी हातोडी असते, ठोकून बैठक संपवायला. बाकी हत्यार काही नाही.

आमच्या महासचिव होत्या स्टाइनुन. आइसलंडच्या. म्हणजे ज्या देशाला स्वतःचं सैन्यच नाही, त्या देशाची बाई. पूर्वी तिकडे मासेमारी खात्याच्या मंत्री. दोन मोठ्या देशांचे दोन उमेदवार एकमेकांना चालेनात, तेव्हा कोणीतरी यांचं नाव पुढे केलं आणि कोणी नको म्हटलं नाही. ड्रायव्हर लोक म्हणायचे, “कोंबडी नाही दारात आणि खाटीकखान्याची चावी हातात.” स्टाइनुनना ते कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या, की पुढे पाहुण्यांना स्वतःच सांगायला लागल्या.

मी पहिल्या दिवशी त्यांना ‘मॅडम’ म्हटलं.

“मॅडम कोण?” त्यांनी मागे वळून पाहिलं. “आमच्याकडे पंतप्रधानालाही नावानेच हाक मारतात. बस. मासळी खाशील?”

खणात सुकी मासळी आणि लोणी. सगळ्या मजल्यावर वास. सेनापती प्रूइट आत येण्याआधी दारात थांबून मोठा श्वास घ्यायचे, पाण्यात बुडी मारण्याआधी घेतात तसा. स्टाइनुन म्हणायच्या, “या जनरल, या. तोफेच्या धुराला भीत नाही आणि माशाला भिता?”

आता आमची रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच फिरतं. युतीत मतदान नसतं. ठरावाचा कागद महासचिवांच्या सहीने सगळ्या देशांना जातो आणि त्याला एक मुदत असते. त्याला आम्ही ‘कागद मौनावर ठेवला’ म्हणतो. मुदतीच्या आत एकाही देशाने लेखी ‘नाही’ म्हटलं, तर मौन मोडलं. कागद परत, पुन्हा चर्चा. कोणी काहीच म्हटलं नाही, तर सगळ्यांची संमती. हात वर नाही, सही नाही. फक्त वेळ टळून जातो आणि गोष्ट झालेली असते.

बाहेरच्याला हे विचित्र वाटतं. आम्हाला नाही वाटत. भांडणाऱ्या देशांना मान न झुकवता हो म्हणायची ही सोय आहे. वर्षानुवर्षं चालते.

गेल्या शरद ऋतूत सेनापती प्रूइट एक कागद घेऊन आले. वाईट माणूस नव्हे ते. माझ्या पोरीसाठी साखरेत घोळलेले अक्रोड आणायचे. त्यांचं म्हणणं असं: आमच्या लाटवियाच्या पूर्वेला युतीची एक पलटण आहे, सीमेपासून बरीच मागे. ती पुढे सरकवायची तर दरवेळी राजदूतांना विचारावं लागतं, आणि राजदूतांचं एकमत होईतो पलीकडचे जेवून हात धुऊन मोकळे. तेव्हा पलटण कधी, किती पुढे न्यायची, हे एकदाच कायमचं सेनापतीवर सोपवावं.

त्या पलटणीत माझा धाकटा भाऊ आहे. रायविस. पूल बांधणाऱ्या तुकडीत.

मला फौज नको होती असं नाही. आमच्या देशात कोणालाच ती नकोशी नाही. शेजार कसा आहे ते आम्हाला ठाऊक आहे. पण पोरं नदीच्या काठापर्यंत नेऊन उभी करायची का, हे दरवेळी टेबलाभोवती बसून, चिडून, भांडून ठरावं, एवढंच मला वाटत होतं. एकट्या माणसाने एखाद्या सकाळी उठून ते ठरवू नये. तो कितीही अक्रोड आणत असला तरी.

स्टाइनुननाही तेच वाटत होतं. पण महासचिवाला मत नसतं. त्या मला म्हणाल्या, “माझ्या हुकमाने इथलं एक गाढवसुद्धा हलत नाही, दाग्निया. मी फक्त दारात खुर्ची टाकून बसलेली बाई. आत जाणाऱ्याला ‘बाबा, कुठे निघालास?’ एवढं विचारायचं.”

“मग कागद काढताच कशाला?”

“देशांनी मागितला तर काढावाच लागतो. मोडतील की कोणीतरी. मोडायलाच काढलाय.”

कागद मौनावर गेला. मुदत शुक्रवार दुपारपर्यंत.

त्या आठवड्यात स्टाइनुन एकेका राजदूताकडे जाऊन आल्या. मी टिपणं घ्यायला सोबत. प्रत्येक ठिकाणी फोन बाहेरच्या खणात कुलूपबंद करायचे, आत कॉफी, आणि तेच बोलणं. पहिले राजदूत दार लावून म्हणाले, “भयंकर कागद आहे. आमच्या राजधानीत कोणाला झोप नाही.”

“मग मोडा ना मौन.”

“आम्ही? अहो, निवडणुका तोंडावर आहेत. मोडलं तर आम्ही भित्रे ठरू. पण काळजी नको, पलीकडच्या मजल्यावरचे मोडणारच आहेत.”

पलीकडच्या मजल्यावरचे म्हणाले, “आम्ही नेहमीच मोडतो, म्हणून या वेळी जरा मागे राहतोय. दक्षिणेकडचे मोडतील.” दक्षिणेकडच्यांनी स्टाइनुनचे दोन्ही हात धरले, घरचं ऑलिव्हचं तेल दिलं आणि उत्तरेकडे बोट दाखवलं.

जिन्यात स्टाइनुन थांबल्या. “तेलाची बाटली तुझ्याकडेच ठेव. मला माझ्या मासळीला लोणीच लागतं.” मग हळूच म्हणाल्या, “प्रत्येकाला दुसऱ्याच्या धैर्याची केवढी खात्री आहे.”

मला गोडलीव्ह आठवली. बैठकांच्या खोल्यांतून नेहमी येणारे चढे आवाज त्या आठवड्यात आले नव्हते. कॉरिडॉरमध्ये लोक एकमेकांना दार उघडून देत होते.

त्याच दिवसांत ते फोन सुरू झाले. महासचिवांच्या सरकारी घरात एक जुना फोन होता. तो वाजायचा. उचलला की पलीकडे कोणी बोलायचं नाही. श्वाससुद्धा नाही. नुसती उघडी लाइन. सुरक्षावाल्यांनी शोध घेतला आणि सांगितलं, गंभीर काही नाही. धमकी दिली असती तर गुन्हा झाला असता. गप्प राहायला कुठलं कलम लावणार?

“त्यांनीही मला मौनावर ठेवलंय,” स्टाइनुन म्हणाल्या. पण हसताना त्यांनी फोनकडे पाठ केली नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलं, कारण त्या दिवशी पाळणाघरवाल्यांचा संप होता आणि मादाराला घेऊन मी त्यांच्या घरी काम करत होते. मादारा नुकती बोलायला लागली होती. तिला ‘स्टाइनुन’ जमेना. ‘तैनू’ म्हणायची. तैनूने तिला मांडीवर घेऊन मासळीचा तुकडा लोण्यात बुडवून भरवला. पोरीने तोंड वाकडं केलं आणि मग दुसरा मागितला. पुढे कधीही मी फोनवर असले आणि मागून मादाराचा आवाज आला, की स्टाइनुन म्हणायच्या, “युरोप थांबेल जरा. तिला दे आधी.” एकदा तर सेनापती समोर बसलेले असताना त्यांनी तिच्याशी बदकाच्या आवाजात गप्पा मारल्या.

शुक्रवार आला. सकाळपासून मी पडद्यासमोर. मौन मोडणारा निरोप माझ्याच यंत्रावर येणार होता. एकही आला नाही. जेवणाची वेळ झाली, खालून सुपाचा वास आला, कोणी जेवायला उठलं नाही.

स्टाइनुन बाहेर आल्या. “किती जणांनी मोडलं?”

“कोणीच नाही.”

“एकानेही नाही?”

मी मान हलवली. त्या माझ्या टेबलाच्या कडेला टेकल्या.

“तुझा भाऊ तिकडेच ना?”

“हो.”

“आणि तू मला काहीच म्हणणार नाहीस.”

“मी काय म्हणणार? मी इथली कर्मचारी.”

“बरोबर आहे तुझं. तू म्हणायचंच नाहीस. तुझ्या म्हणण्यावरून मी केलं असं व्हायला नको.” त्यांनी चष्मा पुसला. “कागद माझ्या सहीने गेलाय ना? मग माझी सही मला परत घेता येते. लिही. महासचिव हा कागद मागे घेत आहेत.”

“कारण काय लिहू?”

“कोणी काही बोललं नाही, हेच कारण.”

मी लिहिलं. मुदत संपायच्या जरा आधी निरोप गेला.

सेनापती प्रूइट आले ते दारात श्वास घ्यायलाही थांबले नाहीत. “मॅडम, सीमेपलीकडे आज दारूच्या बाटल्या फुटतील.”

“फुटू देत, जनरल. बाटल्याच फुटताहेत तोवर बरं आहे.”

“तुम्ही सैनिक नाही. तुम्हाला कळणार नाही.”

“नाही ना. म्हणून तर मला इथे बसवलंय.”

मला वाटलं होतं, आता राजदूत येतील, हळूच हात दाबतील, सुटलो म्हणतील. कोणी आलं नाही. कोणी रागावलंही नाही, तेच वाईट. सोमवारपासून स्टाइनुनना जेवणाची आमंत्रणं येईनाशी झाली. लिफ्टमध्ये शिरल्या की आतले पुढच्याच मजल्यावर उतरायचे. त्यांचे उपमहासचिव कोराडो, अत्यंत मधाळ माणूस, रोज चौकशी करायचे, “तब्येत कशी आहे त्यांची? थकल्यासारख्या वाटतात.” आठवडाभरात मजला त्यांच्या तब्येतीची काळजी करायला लागला. बाई ठणठणीत होत्या. रोज पहाटे थंड पाण्यात पोहायच्या.

मग एका सकाळी माझ्या यंत्रावर कोराडोंच्या सहीचा नवा कागद आला, देशांना पाठवायला. फार सुरेख भाषा होती. महासचिवांच्या सेवेबद्दल युती कृतज्ञ आहे. त्यांना विश्रांती मिळावी. तोवर कोराडोंनी कारभार पाहावा. आणि खाली मौनाची मुदत.

मी तो छापून त्यांच्यापुढे ठेवला.

“तुमच्या स्वतःच्या देशाचे राजदूत तरी मोडतील,” मी म्हटलं.

“तो बिचारा काल येऊन गेला. म्हणाला, मी एकट्याने मोडलं तर घरचं माणूस म्हणून मोडलं म्हणतील. आधी दुसऱ्या कोणीतरी मोडलं तर मी लगेच मागून येतो.” त्यांनी मासळीची पिशवी उघडली. “मी निवडून आले तीही अशीच. कोणी नाही म्हटलं नाही म्हणून. आले तशी चालले.”

कोणी मोडलं नाही.

निरोपाच्या दिवशी राजदूतांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, बराच वेळ. स्टाइनुननी हातोडी ठोकून त्या थांबवल्या. नंतर खोली आवरताना मला म्हणाल्या, “आमच्या गावाच्या डोक्यावर डोंगर आहे. त्याच्यावर बर्फ साचतं तेव्हा काही ऐकू येत नाही. आजी सांगायची, वारा ओरडतोय तोवर निजा. वारा पडला की उठून मुलं मोजा.” मग मादाराचा गालगुच्चा घ्यायचा राहिला म्हणून हळहळल्या आणि गेल्या. आइसलंडच्या पूर्वेकडच्या खाडीत, हेस्टवीकला, वडिलांच्या घरी. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. पद गेलं त्या दिवशीच पहारेकरीही गेले. नियमच आहे तसा.

प्रूइटांचा कागद कोराडोंच्या सहीने पुन्हा निघाला. या वेळी राजदूतांकडे कोणी गेलंही नाही. मुदत टळली आणि गोष्ट झाली. वर्तमानपत्रांत आलं: युतीची अभूतपूर्व एकजूट.

रायविसचा फोन आला. “ताई, आता अळंबी वेचायला थेट सीमेपर्यंत जायला मिळणार बघ. फुकटात, सरकारी गाडीने.”

“हिवाळ्यात कसली अळंबी रे, गाढवा?”

“मग बसतो वसंताची वाट बघत. आईला सांगू नको, कुठे आहे ते.” मग जरा थांबून म्हणाला, “बर्चचं रान आहे सगळं. पलीकडचा काठ दिसतो. आधी त्यांची कुत्री भुंकायची, गाणी लागायची. दोन दिवस झाले, काहीच नाही. छान झोप लागते.”

त्याला म्हटलं, झोपू नकोस. तो हसला. त्यानंतर पलटणीतल्या सगळ्यांचे फोन काढून घेतले. प्रूइट परवा जिन्यात भेटले. डोळे तांबारलेले, अक्रोड नव्हते. मी काही विचारायच्या आत म्हणाले, “सगळं शांत आहे.” मलाच समजावत होते की स्वतःला, कोण जाणे.

मला स्टाइनुनशी बोलायचं होतं. राजदूतांना घरच्या नंबरावर उठवून ‘बाबा, कुठे निघालास?’ विचारू शकेल असं दुसरं माणूस मला ठाऊक नाही. त्यांचं अजून चार जण ऐकतात, राजधान्यांमध्ये. हेस्टवीकला गेल्यावर त्या मला दर रविवारी फोन करायच्या. मागच्या खेपेला म्हणाल्या होत्या, “अगं, तो मुका इथेही आलाय. रोज वाजतो.” नंबर त्यांनी कोणालाही दिला नव्हता. फक्त मला, आणि कचेरीच्या नोंदीला. “बोलत नाही तर नाही. मी त्याला हवामान वाचून दाखवते.” थंडी पडलीय, डोंगर पांढरा झालाय, दोन देशांच्या प्रमुखांशी त्या बोलणार आहेत, कागद पुन्हा टेबलावर आणायचा बघतील, असं सगळं सांगून त्यांनी मादाराला बदकाचा आवाज काढून दाखवला होता.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. सोमवारी मी केला. वाजत राहिला. मंगळवारी तिथल्या पोलिसाला गाठलं. घाट बर्फाने बंद आहे आणि पोलीस स्वतः खाडीच्या दुसऱ्या टोकाला. चांगला बोलला बिचारा. “बाई एकट्या राहतात, त्यांना आवडतं तसं. त्यांच्याकडून काही तक्रार आलेली नाही.”

“तक्रार आली नाही म्हणजे?”

“म्हणजे सगळं ठीकच असणार ना, ताई.”

आज सकाळी पुन्हा फोन लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला गेला. मला इतकं हायसं वाटलं की मी आधी रडलेच. “स्टाइनुन! किती घाबरवलंत!”

उत्तर नाही. लाइन उघडी होती. मागे कुठेतरी किटली उकळत होती, कोणी उतरवत नव्हतं.

“स्टाइनुन? ऐकू येतंय का?”

मादाराने माझ्या हातातून फोन ओढला. तिला वाटलं, आता बदक. “तैनू? तैनू, मी!” म्हणाली आणि कान लावून वाट पाहत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिचं हसू हळूहळू विरत गेलं. तिने फोन मला परत दिला आणि माझ्या मानेत तोंड खुपसलं.

पलीकडून फोन ठेवला गेला. हळुवार, आवाज न करता.

स्टाइनुन त्या पोरीसाठी युरोप थांबवायच्या. त्या घरात फोन उचलला तो स्टाइनुननी नव्हे. किंवा त्या असतील तर त्यांना बोलता येत नव्हतं.

मी कचेरीत सांगितलं. कोराडोंनी माझी तब्येत विचारली. पोलिसाला पुन्हा सांगितलं. तो म्हणतो, उचलला ना फोन, मग झालं तर. घाट आज मोकळा होईल म्हणतात. मला इथून निघता येत नाही. रायविसचा निरोप आला तर तो इथेच येईल, आणि मांडीला पोर आहे.

म्हणून हे लिहितेय. तुमच्यापैकी कोणी तिकडे असाल, कामाला, फिरायला, बोटीवर, तर हेस्टवीकला जा. बंदराच्या पुढे, हिरव्या पत्र्याचं शेवटचं घर, दारात उलटी घातलेली होडी आहे. एकटे जाऊ नका. दार वाजवा, आणि कोणी उघडलं नाही तरी परत फिरू नका. उघडून कोणी सांगितलं की बाई बऱ्या आहेत, विश्रांती घेताहेत, तरीही नाही. त्यांना समोर बोलवा. त्यांच्या तोंडून एक शब्द ऐका. मासळी खाणार का, एवढं जरी त्यांनी विचारलं तरी मला पुरे. मग मला कळवा.